घरातलं घरात

आमच्या घराण्याला दोन गोष्टी जपायच्या होत्या, जमीन आणि अब्रू. जमीन जावळी तालुक्यात कोयनेच्या काठी होती; अब्रू नेमकी कुठे होती हे मला कधी कुणी दाखवलं नाही. वडिलांच्या मामांना मुलगा नव्हता, एकच मुलगी. ती बाहेर दिली तर शेत परक्याच्या घशात जाणार. तेव्हा सातारा-कोल्हापूरकडे पिढ्यानपिढ्या करत आले तेच वडीलधाऱ्यांनी केलं. भाच्याला मामाची मुलगी दिली आणि घरातलं घरात राहिलं म्हणून पेढे वाटले. पुढे १९६४ साली कोयनेचं धरण पुरं झालं. शिवसागराचं पाणी ती जमीन बांधासकट, आंब्यांसकट पोटात घेऊन बसलं आणि माणसं मुंबईला आली. घरातलं घरात राहिलं ते एवढंच: डोळ्याच्या पडद्याचं एक बिघडलेलं जनुक. त्याची एक प्रत वडिलांकडे होती, एक आईकडे. एकेका प्रतीनं काही होत नाही, त्यामुळे दोघंही म्हातारपणापर्यंत सुईत दोरा ओवत होती. दोन्ही प्रती एकाच पोराकडे आल्या की मात्र होतं. अशा आईबापांच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता असते. ताईची चिठ्ठी कोरी निघाली. ती आजही वीज गेल्यावर मांडणीवरची हिंगाची डबी न चाचपडता काढते. सातबारा पाण्यात गेला, फेरफार मात्र माझ्या नावावर झाला.

आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. दवाखान्यात सगळे आरपी म्हणतात, कारण पूर्ण नाव घेईपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो. निदान झालं त्या रात्री घराण्यातलं एक जुनं कोडं मला सुटलं. वडिलांचे एक चुलत आजोबा होते. दिवेलागणीनंतर ते उंबरा ओलांडत नसत, अन्नाला शिवत नसत आणि समोरून कुणी रामराम घातला तरी उत्तर देत नसत. व्रतस्थ माणूस म्हणून पंचक्रोशीत दरारा होता. लांबलांबून लोक पाया पडायला येत, अर्थात दिवसा. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं हो! जर्मनीत हेल्महोल्ट्झनं जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावायचं यंत्र १८५१ सालीच केलं होतं, पण ते आमच्या खोऱ्यात काही वेळेवर पोचलं नाही. तोवर घराण्यानं व्रतावर भागवलं. मीही पुष्कळ वर्षं तेच केलं, फक्त माझ्या व्रताला वाशीत वेगळं नाव पडलं.

थोडं शास्त्र सांगून टाकतो, म्हणजे माझी कीव करताना चुका होणार नाहीत. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी दोन तऱ्हेच्या. शंकूच्या आकाराच्या साठेक लाख. त्या मध्यावर दाटीनं बसतात, भर उजेडात काम करतात. रंग आणि बारीक अक्षर हे खातं त्यांचं. दंडाच्या आकाराच्या बारा कोटींच्या घरात. त्या कडेकडेनं पसरलेल्या, अंधुक उजेडाच्या, म्हणजे रात्रपाळीच्या. आरपीत आधी ही रात्रपाळी बंद पडते, मग वर्षानुवर्षं घेत दिवसपाळीलाही टाळं लागतं. त्यामुळे आधी रात्र जाते, मग बाजू, आणि अगदी मधला तुकडा शेवटपर्यंत तग धरतो. माझा अजून शाबूत आहे. औषधाच्या बाटलीवरची मुदत मी चष्म्याशिवाय वाचतो. बाटली ठेवलेलं टेबल मात्र मला मांडीला लागल्यावर कळतं.

सुरुवातीला तर नजर कडेचीही जात नाही, मधलं एक कडं तेवढं जातं. सेक्टर १७मधल्या उडुप्याकडे बसून बायकोला मी हे मेदूवड्यावर समजावलं. मधलं भोक मला दिसतं, वड्याबाहेरची बशी दिसते, वडा दिसत नाही. ती म्हणाली, "मग माझा कसा खाल्लात?"

बरं, जिथे दिसत नाही तिथे काळं दिसतं असंही नाही. मेंदू मोठा अब्रूदार असतो. रिकामी जागा तो आजूबाजूचं बघून स्वतःच्या मनानं भरून टाकतो. मला समोर मोकळा फुटपाथ दिसतो, छान, स्वच्छ, निर्मनुष्य. त्यातून अचानक खांब उगवतो. माणसं तर अशी प्रकटतात की पुराणातल्या देवांनी माझ्याकडून शिकावं.

नजरेचा आवाका मोजायची एक तपासणी असते. पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसायचं, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी शाळेपासून बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षांपर्यंत कधी नापास झालेलो नाही. ठिपका दिसेना तसा जीव कासावीस झाला आणि मी ठेका धरून बटण दाबायला लागलो. थोडा वेळ फार बरं वाटलं. पण यंत्र बनवणाऱ्यांना माझ्यासारखे भेटून गेलेले असावेत. ठिपका नसताना दाबलेलं बटण ते वेगळं नोंदवतं. तपासणारी मुलगी कागद बघून म्हणाली, "काका, कॉपी करताय तुम्ही." मग दुसरी तपासणी, ईआरजी. त्यात तुम्हाला वीस मिनिटं मिट्ट काळोखात बसवून ठेवतात, मग डोळ्यांपुढे उजेडाचे फटकारे मारतात आणि पडद्यातून निघणारी वीज मोजतात. ईसीजीची रेघ सरळ आली की माणूस गेला म्हणतात. माझी ईआरजीची रेघ जवळजवळ सरळ आली तेव्हा मीही गेलो, थेट दाराच्या चौकटीवर.

आता वाशी. हे सिडकोनं आखलेलं शहर. रस्ते रुंद, कोपरे काटकोनात, आणि रस्त्याकडेला झाडं. ती झाडं आता एवढी वाढलीत की दिव्याचा उजेड वरच्या पानांतच राहतो. पक्ष्यांना फार सोयीचं आहे. खाली फुटपाथवर कुणीतरी गुडघ्याएवढे खांब रोवून ठेवलेत. मोटारसायकलवाल्यांना अडवायला, असं म्हणतात. मोटारसायकलवाले शेजारून जातात, अडतो मी. दिवसा मी मिनी सीशोअरला तरुणांना मागे टाकत चालतो. दिवेलागण झाली की पाय घासत, हात किंचित पुढे धरून, मधूनच थांबत, मधूनच कुंपणाला बोलत चालायला लागतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज गॅलरीत बसतात. साडेसहाला सरळ रेषेत बाहेर पडणारा आणि आठला नागमोडी परतणारा माणूस त्यांनी बरीच वर्षं पाहिला आणि जो निघायचा तो निष्कर्ष काढला. मॉलनं त्यांना दुजोरा दिला. इनॉर्बिटच्या लखलखाटात मी ऐटीत चालतो, बाहेरच्या पार्किंगमध्ये पाऊल ठेवलं की लटपटतो. बघणाऱ्याला वाटावं, आत काहीतरी फुकट मिळतंय.

बायको म्हणाली, "सांगून टाका ना लोकांना." मी म्हणालो, राहू दे. माझा हिशेब साधा होता. आंधळ्याचा लोक हात धरतात, दारुड्याला वाट सोडतात. शिवाय दारुड्याला सुधारायची आशा असते. ऑफिसात मी गर्विष्ठ म्हणून प्रसिद्ध होतो, कारण कुणी कमरेच्या उंचीवर हात पुढे केला तर तो मला दिसत नाही. रीजनल ऑफिसच्या एका साहेबांचा हात मी असा हवेत ठेवला आणि त्यांच्याकडे अतिशय प्रेमानं बघत राहिलो. पुढची बढती उशिरा आली. एकूण समाजात मला तीन नावं होती. दिवसा शिष्ट, संध्याकाळी बेवडा, आणि लग्नकार्यांत बुफेच्या रांगेत घुसणारा. तिन्ही मी मुकाट्यानं वागवली. चौथं तेवढं कुणी घेऊ नये म्हणून.

विष्णुदास भावे नाट्यगृहात मात्र हे व्रत मोडता मोडता राहिलं. भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा वीज नव्हती. मी तेव्हा असतो तर घरीच बसलो असतो. इथे वीज असते, पण ती तिसऱ्या घंटेला घालवतात. बायको मेव्हणीबरोबर आधीच पोचली होती. मी फोर्टहून येणार, हार्बर लाइन नेहमीप्रमाणे आपल्या मनानं आली, आणि मी दारातून आत शिरलो तो तिसरी घंटा वाजून अंधार झाला. शहाण्या माणसानं डोअरकीपरला हाक मारली असती. मी खुर्च्यांच्या पाठी मोजत निघालो. त्यातल्या काही पाठी नव्हत्या, टकलं होती. एच रांग आली असं वाटलं, तसा वळलो, "सॉरी, सॉरी" करत सरकलो आणि बसलो. एक गृहस्थ माझ्याखालून हळूच म्हणाले, "बसा, पण फार वेळ नको."

एक खुर्ची सोडून पुढची रिकामी होती. तिथे स्थिरावलो. डाव्या हाताला साडीची सळसळ, मोगऱ्याचा वास. हायसं वाटलं. पहिला अंक जरा रटाळ होता, तेव्हा मी बायकोच्या कानाशी लागून घरचे विषय काढले. म्हटलं, तुझ्या भावाचा फोन आला होता. परत पन्नास हजार मागतोय, दुकान टाकायचंय म्हणे. उत्तर नाही. म्हटलं, रागावू नकोस, मी हो म्हटलेलं नाही. तरी उत्तर नाही. म्हटलं, नाहीही म्हटलेलं नाही. मागच्या वेळचे तीस हजार त्यानं कशात घातले तेही सविस्तर सांगितलं, आईला यातलं काही कळू देऊ नकोस म्हणून बजावलं आणि चपला काढून पाय मोकळे केले. मध्यंतराचे दिवे लागले. शेजारच्या बाईंकडे मी नीट वळून पाहिलं. मधला तुकडा शाबूत असल्यामुळे त्या माझी बायको नाहीत हे लख्ख दिसलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू का? मेव्हण्याला पैसे देऊ नका." त्यांच्यापलीकडून त्यांचे यजमान, ज्यांच्या मांडीशी माझा आधीच परिचय झाला होता, वाकून म्हणाले, "पन्नास फार होतात."

बायको दोन रांगा मागे होती. तिला अंधारातलं सगळं दिसत होतं. पहिला अंक तिनं माझाच पाहिला.

काहीतरी दोष आहे एवढं हळूहळू नात्यात फुटलं आणि उपाय सुरू झाले. आपल्याकडे डोळा म्हटलं की गाजर. गाजराचा हलवा, गाजराची कोशिंबीर, गाजराचं लोणचं, आणि ठाण्याच्या आत्यानं पाठवलेली गाजराची वडी. साध्या रातांधळेपणात, म्हणजे अ जीवनसत्त्व कमी पडून झालेल्यात, गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांचा उपयोग होतोच. इथे घोटाळा जनुकात. बंद पडलेल्या गिरणीला कितीही कापूस पुरवा. १९९३ साली अमेरिकेत अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस देऊन आरपीचा वेग थोडा मंदावतो असं एका अभ्यासात आलं होतं. त्यावर अजून वाद आहेत, आणि जास्तीचं अ जीवनसत्त्व यकृताला बाधतं, त्यामुळे ते आपल्या मनानं घ्यायचं नसतं. हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग वडी दिवसातून एकच खा."

दुसरी मंडळी सिनेमा पाहिलेली. पडदा खराब आहे म्हटलं की त्यांचा आवाज ओला होतो. "म्हणजे त्या 'श्वास'मधल्या मुलासारखं?" 'श्वास' फारच चांगला सिनेमा, राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळवलेला, पण त्यातल्या पोराला पडद्याचा कॅन्सर असतो. मला कॅन्सर नाही हे पटवताना लोकांचा थोडा विरसच होतो. तिसरा गट वर्तमानपत्रं वाचणारा. त्यांना अमेरिकेतलं इंजेक्शन माहीत असतं. ते खरं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तिकडे लक्सटर्नाला मान्यता मिळाली. चांगलं जनुक एका निरुपद्रवी विषाणूत भरून पडद्याखाली सोडतात. किंमत एका डोळ्याचे सव्वाचार लाख डॉलर. हा आकडा ऐकून बायको पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत खोलवर बघायला लागली. पण आरपी काही एका जनुकानं होत नाही. ऐंशीहून जास्त जनुकांपैकी कुठलंही बिघडलं तरी होतं, आणि लक्सटर्ना त्यातल्या आरपीई६५ नावाच्या एकट्यावर चालतं. माझं रक्त तपासणीला गेलं. जनुक भलतंच निघालं. घरात दुःख आणि सुटका यांची बेरीज नेमकी काय झाली ते कळलं नाही, पण त्या रात्री पुरणपोळी होती.

मुलीची काळजी मात्र मला खरोखर होती, तिच्याबाबत विनोद सुचत नव्हता. डॉक्टरांनी घराण्याचा वृक्ष काढायला लावला. आमचा वृक्ष काढताना त्यांना पेन सारखं मागे न्यावं लागलं, कारण फांद्या वर जायच्या ऐवजी एकमेकींत शिरत होत्या. शेवटी ते म्हणाले, मुलीकडे एक प्रत नक्की गेलीय, पण बायको नात्याबाहेरची, त्यामुळे मुलीला आजार व्हायची भीती अगदी थोडी. बायको रत्नागिरीकडची आहे. हे लग्न करताना आमच्याकडे "एवढ्या लांबची?" म्हणून नाकं मुरडली होती. त्यातलं एक नाक ठाण्याच्या आत्याचं.

प्रत्यक्षात माझ्या उपचारात रोमहर्षक काही नाही. वर्षाकाठी स्कॅन. मधल्या तुकड्याला सूज आली तर काचबिंदूवाल्यांचे डॉर्झोलामाइडचे थेंब. आरपीवाल्यांना मोतीबिंदू लवकर येतो, तो काढून झाला. उन्हात गडद चष्मा, पिशवीत टॉर्च, घरातल्या पायऱ्यांच्या कडांना भडक पिवळी टेप, आणि बायकोचा एक कायदा: दार एकतर सताड उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धं उघडं दार मला दिसत नाही. कपाळावरची खूण पाहून काकांना वाटलं, बायको मारतेसुद्धा.

उन्हातून सावलीत आलं की माझे डोळे जुळवून घ्यायला फार वेळ लावतात. हे मला माहीत होतं आणि तरी मी एप्रिलच्या भर दुपारी एपीएमसीच्या मसाला मार्केटात वर्षाची मिरची घ्यायला गेलो. गाळ्यात पाऊल टाकलं. आत मला फक्त मखमली काळोख दिसत होता. दुकानदार कुठल्यातरी दिशेनं "या, बेडगी बघा" म्हणाला आणि मी त्या आवाजाकडे सरळ चालत गेलो, मांडीपर्यंत उघड्या पोत्यात. सावरायला हात टाकला तो शेजारच्या संकेश्वरीत. मग दोन्ही पोती आणि मी असे एकत्र आडवे झालो. पुढची काही मिनिटं त्या गल्लीत कुणी बोललं नाही. हमाल, गिऱ्हाईक, दलाल, सगळे शिंकत होते. डोळ्यांचं म्हणाल तर त्या गाळ्यात आम्ही सगळे समान पातळीवर आलो.

अशा वेळी मला लास व्हेगासच्या स्टीव्ह विन यांचा आधार वाटतो. एकेकाळचे कॅसिनोंचे धनी, आणि आरपीवाले. त्यांच्याकडे पिकासोचं 'ल रेव्ह' होतं. २००६ साली ते १३ कोटी ९० लाख डॉलरला विकायचं ठरलं होतं. पाहुण्यांना चित्र समजावून सांगता सांगता विनसाहेबांचा हात मागे गेला आणि कोपर पिकासोतून आरपार निघालं. सौदा फिसकटला. चित्र दुरुस्त करून घेतलं, आणि २०१३ साली त्याच गिऱ्हाइकानं ते १५ कोटी ५० लाखांना घेतलं. माझ्या बाबतीत भाव एवढा चढला नाही. सांडलेली सगळी मिरची दुकानदारानं झाडून, तोलून, माझ्याच नावावर घातली. बेडगी आणि संकेश्वरीचं ते मिश्रण आम्ही अजून खातोय. विनसाहेबांना अशी शिक्षा नव्हती.

पोत्यातून उठल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आता काठी." मी म्हटलं, आधी प्रमाणपत्र काढू, म्हणजे आणखी थोडे महिने निघतील. माझा अंदाज बरोबर होता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजर दोन प्रकारांनी मोजतात: अक्षर किती बारीक दिसतं आणि आवाका किती रुंद आहे. धडधाकट माणसाला दोन्ही डोळ्यांनी साधारण १८० अंश दिसतं. ४० अंशांच्या खाली आलात की अल्पदृष्टी, १०च्या खाली गेलात की अंध, मग अक्षरं कितीही बारीक वाचा. हात लांब करून मूठ वळली की ती सुमारे १० अंश व्यापते. मी त्या मुठीच्या जरा अलीकडे आहे. पण हे कायद्याला कळतं, खिडकीवरच्या माणसाला कळेलच असं नाही. तिथे मी रांगेत उभा राहून भिंतीवर चिकटवलेली सूचना वाचली आणि तिच्यात 'प्रमाणपत्र'चा काना राहिल्याचं त्याच्या लक्षात आणून दिलं. त्यानं माझा अर्ज बाजूला ठेवला. "तुम्हाला कशाला पाहिजे?" म्हणाला. मी तावातावानं वळलो आणि मागच्या बाकावरच्या आजींच्या काठीला अडखळून पडलो. अर्ज परत वर आला.

काठी शिकवायला जे सर मिळाले ते जन्मांध. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. "तुम्ही अर्धवट दिसणारे फार छळता," म्हणाले. "पूर्ण आंधळा माणूस काठीचं ऐकतो. तुम्ही काठी एक सांगते आणि डोळा दुसरं, त्यात डोळ्याचं ऐकता." उजवा पाय पुढे तेव्हा काठीचं टोक डावीकडे, डावा पाय पुढे तेव्हा उजवीकडे, खांद्याएवढा पन्ना, टोक जमिनीला घासून. बँकेत आयुष्यभर नावे आणि जमा यांत न चुकलेला मी, डाव्या-उजव्यात पार गोंधळलो. सर मात्र कठडे, गटारं, झाकणं यांच्यामधून दोन्ही बाजूंना गप्पा मारत चालत होते. मध्येच थांबून म्हणाले, "इथे वडापावची गाडी असते, आज नाही आली वाटतं." मी पट्टी वर करून बघितलं. नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी मी वाशी स्टेशनपासून घरापर्यंत पांढरी काठी उघडून आलो. शिवाजी चौकात गाड्या थांबल्या. माझ्यासाठी गाड्या थांबल्याचा तो पहिलाच प्रसंग; मी गहिवरून जरा जास्तच हळू ओलांडलो. खांब एकही लागला नाही. सोसायटीच्या फाटकातून आत शिरतानाच वरून हाक आली. काका गॅलरीतून धडपडत खाली आले, काठीकडे बघितलं, माझा खांदा दाबला आणि गदगदून म्हणाले, "अहो, काठीवर आलात! आता तरी सोडा ती."

मी त्यांना सगळं सांगितलं. जनुक, दंड, शंकू, मामाची मुलगी. त्यांनी ऐकून घेतलं. काकूंना म्हणाले, "बघ, काय काय कारणं काढतात."

हँडिकॅपच्या डब्यातला प्रवेश तर याहून अवघड गेला. लोकलचा हा डबा अपंगांचा, त्यात कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायकाही असतात, आणि घुसखोरांवर सगळ्यांची बारीक नजर, ज्यांना नजर आहे त्यांची. सीएसएमटीहून संध्याकाळची वाशी. मी खिडकी पकडली, काठीची घडी करून पिशवीत ठेवली आणि पेपर उघडला. समोर कुबड्या घेतलेले एक गृहस्थ होते. डबा त्यांना शेट म्हणतो.

"अहो पेपरवाले, डबा कुणाचा आहे माहिती आहे ना?"

मी कार्ड काढलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं. "कार्ड काय, झेरॉक्सवाल्याकडे पण मिळतं. ही बोटं किती?"

"तीन," मी म्हणालो. तीनच होती. डबा खदखदला. मी घाईघाईनं मेदूवडा सांगायला घेतला, तेव्हा कुणीतरी "भूक लागलीय का?" म्हणालं. शेटना शेवटी माझी दया आली असावी. काही वेळ ते गप्प राहिले. मी त्यांच्याकडे बघून पुन्हा पुन्हा हसत होतो. मग शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यांनी हात पुढे केलाय कधीचा." मी चपापून हात टाकला तो त्यांच्या डब्यावर, म्हणजे जेवणाच्या, मग कुबडीवर, मग भलत्याच गृहस्थांच्या गुडघ्यावर. शेटनी माझं मनगट धरून ते आपल्या पंजात आणून ठेवलं आणि डब्याला म्हणाले, "जेन्युइन आहे."

तेव्हापासून मी त्या डब्याचा वाचक आहे. पेपर सकाळचा असतो, पण गाडी संध्याकाळची, त्यामुळे राशिभविष्य खरं ठरलं की नाही याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. तेच सगळ्यांना आधी हवं असतं. अडचण एवढीच की मला एका वेळी दोन-तीन शब्द दिसतात, आणि ओळ संपली की पुढची ओळ शोधायला स्टेशन जातं. परवा कुर्ल्याला मेष धरली. मानखुर्द गेलं, गाडी खाडीपुलावर चढली, पलीकडे वाशीचे दिवे आले, तरी माझी वृश्चिक संपेना. शेट म्हणाले, "उद्यापासून मेष तेवढी वाचत जा. बाकीच्यांचं व्हायचं ते होईल." त्यांची रास मेष आहे.